आलेख दिसला, पण कळलं काय?

श्रोतेहो, नमस्कार. गार ताकाचा पेला तासभर गारच ठेवायचा आहे. तो कशात गुंडाळाल, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये की लोकरीच्या मफलरमध्ये? पुष्कळ मुलं फॉइल म्हणतात. धातू हाताला गार लागतो आणि लोकर ऊब देते, हा त्यांचा रोजचा अनुभव.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातील शिक्षणसंशोधक मार्सिया लिन यांनी अशा उत्तरांना चूक म्हणून खोडलं नाही, अभ्यासाचा विषय केलं. १९८०च्या दशकात त्यांच्या गटानं आठवीच्या वर्गात ॲपल संगणक आणि तापमानाचे सेन्सर नेले. पाणी निवत असतानाच पडद्यावर आलेख उमटायचा. पण नुसता आलेख पाहून मुलांचं मत बदलत नाही. म्हणून आधी अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं, मग मोजायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं, असा क्रम त्यांनी बसवला. उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल, हा सिद्धांतही त्या वयासाठी बाजूला ठेवला आणि ‘उष्णता उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते’ एवढ्यावर भर दिला. यावर वाद झाले. मला मात्र हा निर्णय धाडसी आणि बरोबर वाटतो.

पुढे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वाइज’ ही विज्ञान शिकण्याची वेबवरची मोफत व्यवस्था आली. २००३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीतून विज्ञानशिक्षण आणि तंत्रज्ञानाचं एक केंद्र उभं राहिलं. ॲनिमेशनबद्दल तिथलं काम डोळे उघडणारं आहे. हायड्रोजन जळताना पडद्यावर पाहिला की मुलांना वाटतं, समजलं. मधल्या टप्प्यांत रेणू कसे दिसतील ते कागदावर काढायला सांगितलं की नेमकं काय समजलेलं नाही ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

आता सुरुवातीचा गार पेल्याचा प्रयोग याच क्रमानं, आधी अंदाज लिहून, आपल्या वर्गात. डीएस१८बी२० जातीचे, पाण्यात चालणारे दोन सेन्सर घ्या, सेन्सरची मोजणी संगणकाकडे पाठवणारा एक छोटा अर्डुइनो बोर्ड आणि ४.७ किलो-ओहमचा एक रोधक (रेझिस्टर). रोधक डेटा आणि वीजपुरवठ्याच्या तारांमध्ये जोडायचा. दोन्ही सेन्सर एकाच डेटा तारेवर चालतात. सारखे दोन स्टीलचे पेले, प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी, साधारण १० अंशांचं. एका पेल्याला फॉइल गुंडाळा, दुसऱ्याला लोकर. बर्फ नको, कारण तो वितळेपर्यंत तापमान शून्याजवळ अडकतं आणि दोन्ही रेषा सपाट दिसतात. गरम पाणीही नको: लोकरीत ते गरम राहतं हे मुलांना ठाऊकच असतं, त्यामुळे लोकर स्वतःच ऊब देते ही त्यांची मूळ कल्पना बाहेरच येत नाही.

दोन्ही पेल्यांवर झाकण हवं, त्यात सेन्सरपुरतं भोक. उघड्या तोंडातून उष्णता आत शिरत राहिली तर आवरणातला फरक झाकला जातो. टोक पाण्याच्या मधोमध ठेवा, भिंतीला टेकलं तर पेल्याचं तापमान मिसळतं. पावसाळ्यात दमट हवेतली वाफ गार पेल्यावर जमते, लोकर भिजते आणि ओली लोकर उष्णता नीट अडवत नाही. तेव्हा दोन्ही पेल्यांवर बाहेरून सारखीच प्लास्टिकची पिशवी चढवा.

दर १० सेकंदांनी नोंद घ्या. पडद्यावर अचानक ८५ आलं तर पाणी तापलेलं नाही. सेन्सरला एका मोजणीला पाऊण सेकंद लागतो, आणि वीज मिळाल्यावरची पहिली मोजणी पूर्ण होण्याआधीच आकडा वाचला गेला आहे किंवा मधेच वीजपुरवठा तुटला आहे. उणे १२७ म्हणजे तार सुटली. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आलेखाचा उभा अक्ष. तो आपोआप ताणला जाऊ दिला तर अंशाच्या सोळाव्या भागाइतकी थरथरही डोंगरासारखी दिसते आणि मुलं तिचीच कारणं शोधत बसतात. अक्ष ० ते ४० असा पक्का करून ठेवा.

अर्ध्या तासानं दोन रेषा लांब गेलेल्या दिसतील. इथे ‘पाहा, लोकर जिंकली’ म्हणायचा मोह आवरा. अंदाजाचे कागद परत द्या आणि विचारा, मग फॉइल गार का लागली होती? हाताची उष्णता ती झटकन ओढून घेते, म्हणून. लोकर स्वतः ऊब देत नाही, तिच्यात अडकलेली हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही, मग ती उष्णता आतून बाहेर निघालेली असो की बाहेरून आत. एवढं मुलांच्याच तोंडून यायला पूर्ण तासिका लागू शकते. वेळ कमी असेल तर मोजणी २० मिनिटांत थांबवा, चर्चा कापू नका.