मंडळात मला नऊवारी देतात

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या मेळाव्यातलं भाषण, थोडी काटछाट करून. मध्येच झालेली पार्किंगची घोषणा वगळली आहे.)

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिलीयेत आणि वडे तळायला घेतलेत असं आत्ताच कानात सांगून गेलेत, त्यामुळे माझी जागा मला कळलेली आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची. स्प्रिंग ब्रेकमध्ये ती मैत्रिणीच्या चर्चच्या यूथ ग्रुपबरोबर बॉर्डरपलीकडे मेक्सिकोत तिहुआनाला गेली होती, घर बांधायला. खरोखरचं घर, चार दिवसांत, एका कुटुंबाला राहायला. गाड्या चालवायला मोठी माणसं कमी पडत होती म्हणून मी पण गेलो, म्हणजे खरं तर लक्ष ठेवायला गेलो. परत आल्यावर मी सहज म्हटलं, अगं मेळाव्याला येतेस ना, लेझीमला मुली कमी पडतायत. ती डिशवॉशर लावत होती, मान पण वर केली नाही. म्हणाली, "बाबा, तिथे मला हातोडा दिला. मंडळात मला नऊवारी देतात."

मी चिडलो. संस्कृती, परंपरा, आजी काय म्हणेल, सगळं बोलून झालं. बायको म्हणाली, तू धोतर कधी नेसलायस रे, गेल्या गणपतीत वेल्क्रोचं मागवलं होतंस. तिथे भांडण संपलं. पण वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज तुमच्या डोक्यात सोडतोय.

जायच्या आधी पण घरात एक रामायण झालंच होतं. आई नायगावहून व्हिडिओ कॉलवर, "अरे चर्चबरोबर पाठवतोयस, बाटवतील पोरीला." आपल्या मंडळातल्या वसईच्या काकूंना मी हे हसत हसत सांगितलं आणि मग लक्षात आलं की आपण कोणाला काय सांगतोय. त्या आयुष्यभर चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करत आल्या. आणि आपण अजून त्यांना म्हणतो, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्या शांतपणे म्हणाल्या, जाऊ दे पोरीला, टोपी आणि हातमोजे दे बरोबर. बाटवण्याचं म्हणाल तर तिथे पास्टरनी एवढंच विचारलं, तुमच्याकडे जेवणाआधी काही म्हणतात का. हिने तो आपला जेवणाआधीचा श्लोक सुरू केला, अर्ध्यात विसरली, माझ्याकडे बघितलं. मी पण विसरलो. तीस अमेरिकन पोरं डोळे मिटून वाट बघतायत आणि बापलेक गप्प. बटाटे थंड झाले.

आता तिहुआना म्हणजे आपल्यातले बरेच जण सॅन डिएगोच्या आऊटलेटच्या पार्किंगमधून बघून परत फिरलेले. पलीकडे टेकड्यांवर वस्त्या चढत गेल्यात. माती घसरू नये म्हणून जुने टायर रचून बांध घातलेले. सॅन डिएगोत कुणी गॅरेजचं दार बदललं की जुनं दार बॉर्डरपलीकडे जातं आणि कुणाच्या तरी घराची भिंत होतं. बरेच लोक ओआहाका, चियापास अशा दक्षिणेकडच्या भागातून कारखान्यांत कामाला आलेले. आपल्याकडे बसतो तो टीव्ही, आपल्याकडे लागतं ते ऑपरेशनचं सामान तिथे तयार होतं. पाणी टँकरने, ड्रममध्ये साठवायचं. मला कुणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती हो. कोकणातून गिरणीत आलेल्यांच्या घरातला मी. आमची बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट, माणसं सात आणि मे महिन्यात अकरा. आम्ही बांधलं ते घर २२ फूट बाय ११ फूट, म्हणजे २४२. मी मनात हिशोब केला, आमच्यापेक्षा मोठं आहे की! आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण इथे आमच्या घरी नुसत्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आणि न उघडलेल्या खोक्यांचा डोंगर आहे.

पहिला दिवस कोबा घालायचा. मिक्सर नाही, वाळू खडी सिमेंट फावड्याने कालवायचं आणि बादल्या हातोहात पुढे. मला वाटलं आपण लहानपणी चाळीत पाणी भरलंय, जमेल. चाळिसाव्या बादलीला पाठ धरली, मग मला सावलीत बसून खिळे मोजायचं काम दिलं. दुसऱ्या दिवशी लाकडाचा सांगाडा, मग बाहेरून तारा ताणायच्या, त्यावर काळा कागद, त्यावर कोंबड्यांची जाळी आणि त्या जाळीवर गिलावा. सांगाड्याचे खिळे आमच्या कन्यका ठोकत होत्या. दहातले चार वाकडे.

ज्यांचं घर ते गृहस्थ स्वतः गवंडी. दिवसा दुसऱ्यांची घरं बांधतात, स्वतःचं बांधायला पैसा नाही, वेळ नाही. संध्याकाळी आम्ही तंबूंकडे निघालो तेव्हा मी मोबाइल विसरलो म्हणून परत गेलो, तर ते बॅटरीच्या उजेडात एकटेच आमचे वाकडे खिळे उपटून सरळ ठोकत होते. मला बघून हसले. मी पण हसलो, काय करणार.

मला एकदम आमचा एनएसएसचा कॅम्प आठवला. दहा दिवस राबून आम्ही एक शोषखड्डा खणला, रोज संध्याकाळी गाणी, निरोपाला सगळे रडले आणि पुढच्या वर्षी कळलं की गावकऱ्यांनी तो बुजवून दुसरीकडे नीट खणला. बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलेले तीन-चार जण इथे असतील, तुमचं काम बरं असेल, आमचं असं होतं.

तर परतताना सॅन इसिद्रोला बॉर्डरच्या रांगेत तीन तास. रविवारी संध्याकाळचा खालापूरचा टोलनाका समजा, फक्त वडापावच्या जागी चुरोज. मी हिशोबी माणूस, मी म्हटलं, बघ, प्रत्येकाने जे पैसे भरले ते सगळे त्या गवंडीकाकांनाच दिले असते तर त्यांनी आणखी दोन माणसं लावून याहून चांगलं घर बांधलं असतं की नाही? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माहितीये मला. खिळे पण त्यांनी परत ठोकले, सकाळीच दिसलं. पण बाबा, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी हातोडा परत मलाच दिला. आणि कसा धरायचा ते दाखवलं." हे दाखवणं स्पॅनिशमध्ये झालं बरं का. शाळेत तीन वर्षं घेतलंय तिने स्पॅनिश. आपली मराठी शाळा तिने पाचवीत सोडली.

पैशांच्या हिशोबाचं मला अजून कळलेलं नाही. त्या घराचा उपयोग जास्त कुणाला झाला, त्यांना की आपल्या पोरांच्या कॉलेजच्या निबंधाला, हे पण नाही.

जिमी कार्टर २००६ साली आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला घरं बांधायला आले होते, लक्षात आहे कुणाच्या? राष्ट्राध्यक्ष राहिलेला माणूस, ऐंशी पार केलेला, हॅबिटॅट या घरं बांधून देणाऱ्या संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर, शंभर घरं. मला हे ऑफिसमधल्या एका गोऱ्याने सांगितलं. मळवली म्हटल्यावर मला भाजे, लोहगड आणि येताना घ्यायची चिक्की एवढंच माहीत.

आता आपल्याकडे बघा. गणपतीचं मखर कोण करतं? मी आणि आणखी तीन पन्नाशीचे, पाठीला पट्टे बांधून. पोरांनी मदतीला हात लावला की "अरे राहू दे, थर्माकोल मोडेल." मोदकाला पोरगी बसली की पाच कळ्यांनंतर कुणीतरी काकू प्रेमाने उचलून घेते तिच्या हातातून, "दे बाळा, फुटेल." मग त्यांना काय उरतं? नाच. आणि दोन ओळींचं निवेदन, ते पण आपण रोमन अक्षरांत लिहून देतो, आणि ती चुकली की मागे बसून हसतो. हो, मीच हसतो, माझ्या शेजारी बसणाऱ्यांना माहितीये. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये अजेंड्यावर पहिला विषय काय, तर तरुण पिढी मंडळात का येत नाही. मागच्या वेळी यावर दीड तास चर्चा झाली. सगळ्यात तरुण सभासद सेहेचाळीस वर्षांचा होता.

शेवटच्या दिवशी त्या घरात सगळे दाटीवाटीने उभे राहिलो, ओला गिलावा कपड्यांना लागत होता. घराची किल्ली एकेकाच्या हातातून फिरत त्या घरच्या बाईंपर्यंत गेली. माझ्या हातात आली तेव्हा मी उगाच जरा जास्त वेळ धरून ठेवली, मुलीने कोपराने ढोसलं.

परवा तिने विचारलं, या वर्षीचं मखर आम्ही मुलांनी केलं तर चालेल का. लाकडाचं करायचं म्हणतेय, सांगाडा, खिळे वगैरे. मी म्हटलं बघू. सामान सगळं मंडळाच्या स्टोरेज युनिटमध्ये, किल्ली गेली नऊ वर्षं माझ्याकडे. ती ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार, गणपती सप्टेंबरात, मध्येच सोडून गेली तर, वाकडं झालं तर, आरतीच्या वेळीच कोसळलं तर, असं सगळं मी तिला ऐकवलं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

किल्ली आत्ताही या खिशात आहे. वडे आले वाटतं.