काकूंचं निळं ऑर्किड

नमस्कार श्रोतेहो.

कोजागिरी झाली. पहाटे पंखा बंद करायला उठावं लागतंय, म्हणजे आजचा विषय बोलायला हीच वेळ. विषय आहे घरातलं ऑर्किड. पानं कशी ठणठणीत, मुळं कुंडीबाहेर डोकावतायत, आणि फुलाचं मात्र दोन-दोन वर्षं नाव नाही. भेट आलेलं, त्यामुळे टाकवतही नाही.

बाजारात जे सर्रास मिळतं त्याचं नाव फॅलेनॉप्सिस. रुंद जाड पानं आणि पतंगासारखी, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या त्या पाखरासारखी फुलं. ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२५ मध्ये हे नाव दिलं, तेच मुळी पतंगावरून. मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या जंगलांतलं. झाडाच्या खोडाला धरून राहणारं, आपल्या सह्याद्रीतल्या आमरीसारखंच.

महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, नाहीतर मी गोष्टीत शिरले की राहून जातं. दोनच शब्द. रात्रीचा गारवा आणि सकाळचा उजेड. लिहून घ्या हवं तर. रात्रीचा गारवा, सकाळचा उजेड.

आता गोष्ट.

आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या पंचाहत्तरीला जावईबापूंनी ऑर्किड दिलं. आणि रंग कोणता, तर निळा! शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. सगळी सोसायटी बघायला जाऊन आली. दोन महिन्यांनी फुलं गळली, आणि मग तीन वर्षं काही नाही. काकूंनी काय नाही केलं? दिवाणखान्यात टीव्हीशेजारी मानाची जागा दिली. तांदळाचं धुवण घातलं, चहाचा चोथा घातला. थंडी पडली की रात्री सगळ्या खिडक्या बंद. अठरा अंशाला कानटोपी काढणारे आपण पुणेकर, झाडालाही स्वेटर घालायला कमी करणार नाही.

चौथ्या वर्षी काकूंची मुलगी अमेरिकेत बाळंत व्हायची होती. काकू ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी निघाल्या, आणि जाताना कुंडी माझ्याकडे. मला तेव्हा ऑर्किडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या दिवाणखान्यात जागा नव्हती, म्हणून स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या गॅलरीत, कांद्या-बटाट्याच्या जाळीशेजारी ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन जाळीतून यायचं, रात्री चांगलं गार व्हायचं.

डिसेंबरात पानाच्या बगलेतून एक हिरवं टोक बाहेर आलं. झालं! रोज व्हिडिओ कॉल. इथे सकाळचे सात, तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. काकू म्हणायच्या, “अगं, मूळ आहे ते, कापून टाक.” मी म्हणायची, “काकू, थांबा हो दोन दिवस.” शेवटी त्यांची अवघडलेली मुलगी मागून ओरडली, “आई, माझ्याकडे पण बघ जरा!” मूळ आणि दांडा ओळखायची खूण सांगते. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, ते वाटेल तिकडे भटकतं. फुलाच्या दांड्याचं टोक चपटं, तान्ह्या बाळाच्या हातमोज्यासारखं, आणि ते वर चढतं. आमचं वर चढलं.

जानेवारीत तिकडे नात झाली. इकडे दांड्यावर मटाराएवढ्या कळ्या धरल्या. काकू फोनवर म्हणाल्या, “माझ्या ऑर्किडचं पहिलं बाळंतपण तुझ्याकडे. माहेर लागलंय त्याला.”

आणि रंगपंचमीच्या सकाळी पहिलं फूल उमललं. पांढरंशुभ्र.

मी आनंदानं फोन लावला. पलीकडे शांतता. मग काकू म्हणाल्या, “हे माझं नव्हे.” मी म्हटलं, अहो काकू, तीच कुंडी, तीच पानं. “माझं निळं होतं. तुझ्या हातून मेलं असेल तर सांग, मी रागावणार नाही. पण दुसरं आणून ठेवू नकोस.” म्हणजे इस्पितळात बाळ बदलल्याचा आरोप, तोही माझ्यावर! आमचे हे सकाळचा चहा घेऊन गुपचूप दुसऱ्या खोलीत गेले. काकूंचा फोन आठ दिवस बंद.

मी फोटो घेऊन मुंढव्याच्या एका रोपवाटिकेत गेले. तिथले माळीदादा हसायलाच लागले. म्हणाले, “ताई, निळं फॅलेनॉप्सिस म्हणून जे विकतात ते पांढरंच असतं. दांड्याला भोक पाडून आत रंग सोडतात आणि वरून मेण लावतात. तो रंग त्या एका बहरापुरता.” पण काकूंना हे पटवायचं कसं? तेव्हा आठवलं, काकूंनी जुना वाळलेला दांडा कधी कापलाच नव्हता. त्यालाच पुन्हा फूल येईल, ही आशा. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं. बुडाशी मेणाचा ठिपका, खरवडला तर खाली भोक, आणि भोकाच्या कडेला निळी शाई! तो फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: “जावयाला सांगू नकोस.”

फुलाला रंग पाजणाऱ्यांबद्दल मला फार बोलायचं आहे, पण वेळ थोडा आहे. हल्ली लग्नाच्या हॉलात निशिगंधही हिरवा-निळा करून टांगतात. निशिगंधाला पांढरं राहायला लाज वाटते का?

असो. माझ्याकडे जमलं, त्यात माझं कौतुक नाही. या झाडाला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो. अठ्ठावीस अंशांच्या वर सतत उबेत राहिलं तर ते नुसती पानं काढत बसतं. रात्री पंधरा-अठरापर्यंत उतरलं तर उत्तम, आणि ते पुण्यात नोव्हेंबरात फुकट मिळतं. मात्र पाषाण, शिवाजीनगरला पारा दहाकडे घसरला, की त्या रात्रींपुरती कुंडी आत घ्या.

उजेडाचं माप पानांवर. गडद हिरवी म्हणजे उजेड कमी, लालसर झाली तर ऊन जास्त, पोपटीकडे झुकणारी बरोबर. दोन इमारतींत हात घालता येणार नाही इतकी जागा सोडून बांधलेल्या घरात सकाळचा उजेड आणायचा कुठून, ते मला विचारू नका, नकाशे मंजूर करणाऱ्यांना विचारा.

पाणी मुळांचा रंग पाहून. चांदीसारखी दिसली तर द्या, हिरवी असतील तर थांबा. सिंकमध्ये धरून भरपूर घाला, सगळं निथळू द्या. भेटीच्या त्या चकचकीत बाहेरच्या कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजलीच. साधी माती घालू नका. झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा घाला. खत अगदी पातळ करून. धुवण-चोथा नको. आणि कळ्या धरल्यावर कुंडी सारखी फिरवू नका.

पुन्हा सांगते, रात्रीचा गारवा आणि सकाळचा उजेड.

काकू एप्रिलअखेर परत आल्या, तेव्हा चार फुलं टिकून होती. त्यांनी कुंडी लगेच वर नेली आणि कुठे ठेवली? टीव्हीशेजारी! पुढच्या थंडीत फूल नाही. तेव्हापासून त्या दर वर्षी वसुबारसेला जिना उतरून येतात. एका हातात चिवड्याचा डबा, दुसऱ्या हातात कुंडी. काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “कांदे जरा बाजूला सरकवून ठेव, यंदा एक नवीन पान आलंय.”

नमस्कार.