४.९ व्होल्ट आणि एम.एस्सी. फिजिक्स

नमस्कार श्रोतेहो. तृतीय वर्ष बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेली जी मुलं-मुली आत्ता रेडिओ ऐकत असतील, त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी मला आज बोलायचं आहे. ‘एम.एस्सी. करून पुढे काय?’ हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत, मी जिथे शिकवते त्या फिजिक्स विभागाच्या व्हरांड्यात रोज कानावर येतो. त्याकडे येतेच. पण त्या दोन वर्षांत घडतं काय, हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून आधी ते सांगते.

पहिलं सेमिस्टर बहुतेकांना जड जातं, आणि ते गणितामुळे. आपल्याकडच्या जुन्या रचनेत तिसऱ्या वर्षाला एकच विषय. फिजिक्स घेतलं की गणिताची वही वर्षभर कपाटात. मग एम.एस्सी.च्या पहिल्याच महिन्यात आयगनव्हॅल्यू, कॉम्प्लेक्स इंटिग्रेशन, डिरॅकचा डेल्टा असे एकामागून एक येऊन उभे राहतात. क्लासिकल मेकॅनिक्सच्या तासाला तर ओळखीचं बलच नाहीसं होतं. एका लोलकाला दुसरा लोलक टांगलाय, त्याची समीकरणं मांडा म्हणतात. न्यूटनच्या वाटेने गेलात तर दोन्ही दोऱ्यांतला ताण शोधण्यात पानं भरतील. लॅग्रांजच्या पद्धतीत तो ताण मध्ये येतच नाही. दोन कोन घ्या, गतिज ऊर्जा लिहा, स्थितिज ऊर्जा लिहा, वजा करा आणि पुढे चला. हे एकदा स्वतःच्या हाताने सुटलं की पुढचं सेमिस्टर हलकं होतं. सुटेपर्यंत मात्र चिडचिड होते, आणि ती सगळ्यांचीच होते. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलांना वाटतं, आपणच मागे आहोत. तसं नसतं. चौघं मिळून रिकाम्या वर्गातल्या फळ्यापाशी उभे राहा आणि खुशाल मराठीत भांडा. ‘हॅमिल्टोनियन डायगोनलाइज कर की मग’ हे वाक्य आमच्या विभागात रोज ऐकू येतं, आणि ते मराठीच आहे.

आता प्रॅक्टिकल. मला आज खरं तर याच्यावरच बोलायचं होतं. थिअरीला घाबरणारी मुलं प्रॅक्टिकलला अजिबात घाबरत नाहीत, आणि तिथेच मला काळजी वाटते. कारण बी.एस्सी.त एक विद्या सगळ्यांनी कमावलेली असते: उत्तर आधी पाहायचं आणि त्याला जुळतील अशी रीडिंग लिहायची. गेल्या वर्षीचं जर्नल हातात असतंच. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षकही, फार खोलात जात नाहीत.

फ्रँक-हर्ट्झचा प्रयोग घ्या. एम.एस्सी.च्या बहुतेक प्रयोगशाळांत तो असतो. काचेच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन पळवायचे आणि त्यांना पळवणारं व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. प्रवाह वाढत जातो आणि एका जागी अचानक कोसळतो. पुन्हा वाढतो, पुन्हा कोसळतो. अशा दोन शिखरांतलं अंतर ४.९ व्होल्ट. पाऱ्याचा अणू ऊर्जा घेतो ती ठरलेल्या मापानेच. इलेक्ट्रॉनकडे त्याहून कमी ऊर्जा असेल तर तो अणूला धडकून जवळजवळ आहे तेवढ्याच ऊर्जेने निघून जातो; तेवढी झाली की ती अणूला देऊन मंदावतो, आणि प्रवाह कोसळतो. पाऱ्याची नळी भट्टीत तापवावी लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी आर्गॉन वायूची नळी वापरतात. तिथे हा आकडा साडेअकराच्या आसपास येतो.

जेम्स फ्रँक आणि गुस्ताफ हर्ट्झ यांनी बर्लिनमध्ये १९१४ साली हा प्रयोग केला. गुस्ताफ हा हाइनरिश हर्ट्झचा पुतण्या. आणि हाइनरिश म्हणजे ज्याने रेडिओलहरी प्रयोगशाळेत पहिल्यांदा दाखवून दिल्या तो. त्याचंच आडनाव आपण रोज आकाशवाणीच्या किलोहर्ट्झ-मेगाहर्ट्झमध्ये घेतो. असो. गंमत पुढे आहे. या दोघांनी आकडा अचूक मोजला आणि त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला! त्यांना वाटलं, ४.९ व्होल्टला पाऱ्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन बाहेरच फेकला जातो. नील्स बोरने त्याच्या आदल्याच वर्षी अणूची नवी मांडणी केली होती. त्याने दाखवलं, की इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही, तो अणूतच वरच्या पातळीवर जातो. पुढे तेच मान्य झालं. १९२५ सालचं नोबेल फ्रँक आणि हर्ट्झ यांना मिळालं ते या कामासाठीच. अर्थ बदलला तरी रीडिंग टिकली, कारण ती प्रामाणिक होती.

आता आमच्या मुलांकडे या. शून्यापासून मोजलं तर पहिलं शिखर ४.९ वर येत नाही, पुढे सरकलेलं असतं. इलेक्ट्रोडच्या धातूंमुळे नळीत आपसूकच थोडं विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, असतं, त्याला कॉन्टॅक्ट पोटेन्शियल म्हणतात. म्हणून शेजारशेजारच्या शिखरांतला फरक घ्यायचा. ज्या मुलीने पहिलं शिखर होतं तिथेच लिहिलं, तिला ‘हे सरकलं का?’ असा प्रश्न पडतो आणि ती शिकते. ज्याने ते ४.९ वर ओढून आणलं, त्याला पडायला प्रश्नच उरत नाही. मी जर्नल तपासताना उत्तर शेवटी बघते. आधी बघते मोजमापातली त्रुटी किती लिहिली आहे आणि ती कुठून आली याचा हिशेब आहे का. फार सुबक जर्नल दिसलं की मला शंका येते, हे कबूल करते!

तर, पुढे काय? नेट आणि सेट द्या, पीएच.डी. करा, प्राध्यापक व्हा, ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथली गर्दीही. बी.एड. करून शाळेत जाणारेही पुष्कळ. पण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राशी संबंधित एक वर्षाचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो, तो फार थोड्या पालकांना माहीत असतो. तो आणि त्यानंतरची इंटर्नशिप पूर्ण केली की कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करता येतं. डॉक्टर किरणोपचाराचा डोस सांगतात. तो गाठीवर तेवढाच पडतो आणि शेजारच्या निरोगी भागावर कमीत कमी, हे बघायचं काम या माणसाचं. डोस पाच टक्क्यांच्या आत अचूक असावा, असा तिथला दंडक आहे. यंत्राची रीडिंग अपेक्षेपेक्षा वेगळी आली, तर ती ओढून आणायची सोय तिथे नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. तिच्या भुजा ४ किलोमीटर लांब असतील, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान फरक टिपायचा आहे. मराठवाड्यातल्या मुलांनी तिच्यावर नजर ठेवावी.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. आयआयटींसाठी जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज मात्र आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरावे लागतात. हे हुकतं ते बहुधा माहीत नसल्यामुळे. काही विद्यापीठांचे विभाग स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, त्यांच्या तारखा त्या-त्या ठिकाणी विचारून घ्या. आणि तृतीय वर्षाची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत ती कपाटातली गणिताची वही काढा. मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर, एवढंच करा. बाकीचं आम्ही जुलैत बघू.

नमस्कार.