काळी दोनमधला पियानो

नमस्कार श्रोतेहो. थोड्याच वेळात आपण वेंगुर्ल्याच्या एका तरुण मुलीचं पियानोवादन ऐकणार आहोत. पाश्चात्त्य शास्त्रीय म्हटल्यावर काहींचा हात रेडिओचा कान पिळायला गेला असेल. जरा थांबा. भजनातली आणि दशावतारातली पेटी ऐकत वाढलेल्या माणसाची पियानो ऐकायची अर्धी तयारी झालेलीच असते.

पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्या. फक्त पियानोला त्या ८८ असतात. फरक आहे तो आवाजात. पेटीत भात्यात हवा आहे तोवर सूर उभा राहतो. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते, आणि त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. वाजवणाऱ्याला तो वाढवता येत नाही, त्यातून मींडही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणंही, काढता येत नाही. मग गाणं सलग कसं वाटतं? आधीचा सूर जेवढा उतरला असेल, तेवढ्याच वजनानं पुढचा ठेवायचा. वर्षानुवर्षांचा रियाज असतो तो यासाठी. वेग त्या मानानं लवकर येतो.

मींड नाही, बारा स्वर ठरलेले, असे आक्षेप घेऊन आपल्याकडे १९४० ते १९७१ रेडिओवर पेटीला बंदी होती. पियानोतही मींड नाही, पण पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमात त्याला कुणी अडवलं नाही. पेटीवाल्यांचा राग मला अगदी रास्त वाटतो.

असो. आजची रचना शोपँ या पोलिश संगीतकाराची आहे, 'नॉक्टर्न', म्हणजे रात्रीचं संगीत. १८३२ साली ती छापली गेली तेव्हा शोपँ २२ वर्षांचा होता. आपली वादकही साधारण त्याच वयाची. सा धरायचा काळी दोनचा, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा. उजव्या हातातली चाल मुखड्यासारखी पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी नव्या हरकती घेऊन येते. शोपँ आपल्या शिष्यांना ऑपेराचे गायक ऐकायला सांगायचा, ते इथे कळतं. डावा हात मात्र ठेका सोडत नाही. उजव्यानं थोडं रेंगाळावं, थोडं पुढे जावं, आणि डाव्यानं त्याला सांभाळून घ्यावं. तबलजी आणि गायक, दोघंही एकाच माणसात.

हे वादन मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलंय. खरा पियानो कोकणात सांभाळणं कठीण. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर हलतात, खारी हवा तारांना गंज चढवते. म्हणून घरी तिचा रियाज इलेक्ट्रॉनिक पियानोवर चालतो.

एक सूचना. मोबाईलवर ऐकत असाल तर डाव्या हाताचे खर्ज सूर जवळजवळ ऐकूच येणार नाहीत. घरात मोठा स्पीकर असेल तर तो आत्ताच जोडून घ्या. रचना चार-साडेचार मिनिटांचीच आहे.