सोयाबीनच्या दाण्यातलं लोह अंगाला लागतं का?

रामराम मंडळी. निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडनं एकच विचारणा: "दादा, जास्त लोह-जस्ताचं सोयाबीन कुठं मिळंल?" म्हणून आज बसलोय.

असं नवं वाण दोन वाणांच्या संकरातनं काढतात. तो संकर कसा करतात ते पटकन सांगतो. सोयाबीनचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत फळतं. म्हणून कळी चिमट्यानं उघडायची, पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत जायचं. झालं.

आता मुद्दा. सोयाबीनमध्ये लोह मुळात कमी नाहीच. वाण आणि माती बघून १०० ग्रॅममागं साधारण ८ ते १५ मिलिग्रॅम. पण त्याच दाण्यात फायटेट असतं. ते लोह-जस्ताला असं धरून बसतं की आतड्यात सोडत नाही. कागदावरचा आकडा वेगळा, रक्तात जातं ते वेगळं.

आणि कागदही जपून वाचा. मी एकदा खळ्यावरचा नमुना न धुता तपासायला दिला. लोह भरमसाट आलं! ती आमच्या तांबड्या मातीची धूळ होती. धुवून दिल्यावर आकडा खाली आला. वाण निवडताना हीच चूक झाली, तर वर्षानुवर्षांची मेहनत मातीमोल.

एकानं लिहिलंय, "एनआरसी १२७ आहे की!" भाऊ, इंदूरच्या त्या वाणात प्रथिनं पचू न देणारा एक घटक काढलाय. चांगलंच काम आहे, पण ते प्रथिनांचं. खनिजाचा प्रश्न फायटेटचा आहे.

दुसरे म्हणतात, फायटेट काढूनच टाका. अहो, फायटेट म्हणजे बियाण्याची स्फुरदाची कणगी! दाण्यातलं निम्म्याहून जास्त स्फुरद त्यातच असतं, कोंब त्याच्यावरच उभा राहतो. अमेरिकेत कमी फायटेटचे वाण काढले, तेव्हा काहींची उगवण शेतात घसरली. उष्ण भागात पिकवलेल्या बियाण्याची तर जास्तच. पुढं चांगल्या वाणांशी परत परत संकर करून त्यात सुधारणा झाली, पण आपण उष्ण भागातलेच ना? गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ७० उगवतात का बघणारी माणसं आपण. ज्याची उगवण नाही, ते कितीही पौष्टिक असू दे, बेळगावचा शेतकरी पेरणार नाही, आणि पेरूही नये.

म्हणून मला वाटतं, धारवाडच्या डीएसबी २१ सारखा तांबेरा रोगाला दाद न देणारा वाण धरून त्यातच फायटेट थोडं थोडं उतरवत जावं आणि दर पिढीला उगवण तपासावी. वेळ लागंल. लागू दे.

तोवर घरात? ज्वारीच्या पिठात सोयाबीन घालता ना, ते आधी रात्रभर भिजवा, पाणी ओता, मोड आणून वाळवा, चांगलं भाजा, मग दळा. मोड येताना फायटेट फुटतं. जेवताना लिंबू पिळा, लोह शोषायला मदत होते. पण बियाण्याच्या पोत्यातलं औषध लावलेलं सोयाबीन दळू नका. परवा एका ताईंनी तेच विचारलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.