रात्री दोन वाजता ओट्यावर कोण फिरतंय

नमस्कार मंडळी. आज झुरळाबद्दल बोलायचंय, जेवायला बसला असाल तर रेडिओचा आवाज जरा कमी करा. आपल्या सोलापुरात या प्राण्याला तीन भाषांत शिव्या पडतात, मराठीत झुरळ, कन्नडमध्ये जिरळे आणि पूर्व भागात गेलात की तेलुगूत बोद्दिंका, पण फिरतं मात्र तिन्ही घरांत सारखंच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढली. काम काय, तर पेशंटची लघवी, थुंकी, पू यातले जंतू वाढवून बघायचे. नवीन पोरं शिकायला आली की मी त्यांना एक गंमत दाखवायचो. मोरीतलं एक मोठं लाल झुरळ बाटलीत धरायचं आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर, म्हणजे ती जेलीसारखं काहीतरी भरलेली बशी असते ना, तिच्यावर त्याला दहा सेकंद चालू द्यायचं. बस एवढंच. त्या वेळी प्लेटवर काहीच दिसत नाही. मग ३७ डिग्रीला रात्रभर मशिनमध्ये ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की बडबडी पोरंसुद्धा गप्प, कारण ते जिथून जिथून चाललं तिथं ठिपके उमटलेले असायचे, रांगोळीला काढतो तसे, गुलाबी गुलाबी, त्यातले काही शेंबडासारखे चिकट, आणि मध्येच एका जागी मोठा डाग, तिथं साहेब जरा विसावले असणार. तो चिकट प्रकार दिसला की आमच्या डोक्यात पहिलं नाव यायचं क्लेबसिएला. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं इन्फेक्शन, हॉस्पिटलमध्ये सगळीकडे भेटणारा जंतू.

झुरळाच्या पायांना काटे असतात, ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येताना घाण त्यात अडकते. पण पाय पुसले म्हणून ते स्वच्छ होत नाही बरं का. जे खाल्लं त्यातले जंतू त्याच्या पोटात जिवंत राहतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात, आणि खाता खाता थोडं ओकायची पण सवय आहे त्याला. म्हणजे तुमच्या झाकण न ठेवलेल्या भाकरीवर ते नुसतं चालत नाही.

आता मोरीतलं ते मोठं लाल, त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात, मूळचं आफ्रिकेतलं. आणि ओट्याखाली, फ्रिजच्या मोटरजवळच्या उबेत राहतं ते छोटं तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा, ते जर्मन झुरळ. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं तपासली तर कळलं की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला तयार झाली. जर्मन नुसतं नावाला, माल आपल्याच भागातला!

हॉस्पिटलमध्ये जास्त त्रास या छोट्याचाच. १९९१ साली दिल्लीतला एक अभ्यास छापून आला, त्यात हॉस्पिटलमधून पकडलेल्या १५९ झुरळांपैकी १५८ वर आजार करणारे जंतू सापडले. दक्षिण आफ्रिकेत नवजात बाळांच्या वॉर्डात क्लेबसिएलाची साथ आली तेव्हाही तिथल्या झुरळांकडे बोट गेलं होतं. पण एक सांगतो, झुरळावर जंतू सापडला म्हणजे पेशंटला त्यानंच आजारी पाडलं हे लगेच सिद्ध होत नाही. हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन सगळ्यात जास्त पसरतं ते न धुतलेल्या हातांनी. तेव्हा सगळं झुरळाच्या नावावर खपवून मोकळं होऊ नका.

मध्ये माझा भाऊ एका दवाखान्यात ॲडमिट होता, कुठल्या ते राहू द्या. रात्री दोनच्या सुमारास गोळी काढायला मोबाईलची बॅटरी लावून कॉटशेजारच्या लॉकरचा ड्रॉवर ओढला. आत पेपर अंथरलेला, फोडलेला बिस्किटाचा पुडा, कोपऱ्यात चहा पावडर सांडल्यासारखे काळे कण, आणि सात-आठ छोटी झुरळं उजेडाला बघून पेपरखाली. ते कण म्हणजे त्यांची विष्ठा. तिची आणि त्यांच्या कातीची धूळ नाकात गेली की कित्येकांना दम्याचा अटॅक येतो, लहान मुलांना तर जास्त. पुडा आमचाच होता हो, कुणाला बोलणार. अक्कलकोट, मोहोळहून आलेले नातेवाईक कॉटखाली झोपतात, भाकरी-चटणीचं गाठोडं उशाशी, ते तरी कुठे ठेवतील? घट्ट झाकणाचा डबा न्या, एवढंच सांगेन, आणि खरकटं तिथल्या बादलीत रात्रभर ठेवू नका.

घरी मात्र खरा मुद्दा पाण्याचा. नुसतं पाणी मिळालं तर झुरळ उपाशीपोटी महिनाभर काढतं, पण अन्न आणि पाणी दोन्ही तुटलं की ते छोटं झुरळ दोन आठवड्यांच्या आसपास संपतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे बॅरल, हंडे, बादल्या भरून ठेवलेल्या, खाली ओल, सिंकची नळी थेंब थेंब गळतेय, आणि आपण वरून फवारा मारतोय. फवाऱ्याला ती बऱ्यापैकी सरावलीत, शिवाय अंड्यांच्या डबीत औषध नीट पोचत नाही, आणि त्या एका डबीत तीस-चाळीस पिल्लं! त्यापेक्षा झुरळं मारायचं विषाचं जेल बरं. मसुराएवढे ठिपके, बिजागरीत, ओट्याच्या फटीत, सिलेंडरमागे. खाऊन मेलेलं झुरळ आणि त्याची विष्ठा बाकीची खातात, तीही मरतात. फक्त जेल लावलं तिथं फवारा मारू नका, वासानं ती जेलकडे फिरकत नाहीत. कणीक-साखर-बोरिक पावडरच्या गोळ्या पण चालतात, लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, आणि किराणाचे खोके घरात साठवू नका, झुरळं आणि त्यांच्या अंड्यांच्या डब्या त्यातूनही येतात.

त्या प्लेटचा फोटो एकदा मी घरी बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून रात्री ओटा आणि सिंक कोरडं पुसायचं काम माझ्याकडे आलंय, त्यासाठी एक जुना सोलापुरी टॉवेल वेगळा काढून दिलाय, आणि झोपायच्या आधी ती एकदा बोट फिरवून बघते.