शिंक पडली पंधराशे डॉलरवर

श्रोतेहो, नमस्कार. मला तपकीर लागते. घरच्यांनी माझा नाद केव्हाच सोडलाय, पण रवांडात हीच सवय मला लाखभर रुपयांना पडणार होती.

किनिगी गाव, ज्वालामुखींचा पायथा, सकाळचे सात. आम्ही आठ जण उभे. आठच! गोरिलांच्या एका कळपाला दिवसाला आठ पाहुणे, तेही तासभर. मी सवयीनं चिमूट ओढली आणि सणसणीत शिंकलो. निघताना शिंक आली की आपण जरा थांबतो, घोटभर पाणी पितो. तिथं वाटाड्याचा चेहराच पडला. माणसाची सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतते, म्हणून सर्दीवाल्याला वर सोडत नाहीत. खिशात १५०० डॉलरचा परवाना, आणि मी डबी उघडून विनवतोय, "अहो, सर्दी नाही, तपकीर!" डबी हातोहात फिरली. माझी पिशवी घेतलेल्या हमालानं चिमूट ओढली आणि माझ्याहून मोठ्यानं शिंकला. मी सुटलो.

चढताना तो वाटाड्याकरवी सांगत होता, त्याचे वडील याच रानात हरणांसाठी फासे लावायचे. त्यात कधी गोरिलाचं पोर अडकायचं. मुलगा आता पाहुण्यांच्या पिशव्या वाहतो.

आता हिशेब ऐका. रवांडाला समुद्र नाही. चहा-कॉफी विकायची तर मोम्बासा नाहीतर दार-ए-सलाम बंदर गाठायचं. हजार किलोमीटरहून लांब, दुसऱ्याच्या देशात. समुद्र नाही, म्हणजे प्रत्येक पोत्यावर वाटखर्च. गोरिला मात्र बंदरावर न्यावा लागत नाही, गिऱ्हाईकच विमानानं येतं. २०१७ साली परवाना ७५० डॉलरवरून १५०० केला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांच्या मिळकतीतला आसपासच्या गावांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० वर नेला. गावांचा वाटा, श्रोतेहो! फासा लावणाऱ्या घरालाही आता गोरिला जिवंत हवा असतो.

बांबूत रुपेरी पाठीचा नर पाला ओरबाडत बसला होता. आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. बाकीचे सात जण त्याला फोनमधून बघत होते. फोनमध्येच बघायचा, तर घरची आरामखुर्ची काय वाईट? असो.

खाली उतरल्यावर हमालाला पैसे दिले, वर बक्षिसी दिली. गडी हलेना. नजर माझ्या खिशावर. डबी किनिगीतच राहिली.